प्रेसखाली नारळ

ही वही कुणी उघडलीच तर आधीच सांगते, माझं शिक्षण चौथीपर्यंतचं. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं असेल आणि अक्षर तर असं की दुसऱ्या दिवशी माझं मलाच लागत नाही. त्याबद्दल माफ करा. आमच्या मालकांबद्दल जे लिहिलंय ते मात्र चुकलेलं नाही.

मालकांना सगळ्यांनी काका म्हणायचं असा नियम होता. ते माझ्याहून चार वर्षांनी लहान, तरी मीही काकाच म्हणायची. मला ते मावशी म्हणत. "आपण एक फॅमिली आहोत, इथे कुणी साहेब नाही," असं नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगत. त्याचा अर्थ मला तीन महिन्यांनी कळला. साहेबाकडे ओव्हरटाइम मागता येतो. काकांकडे कसा मागणार?

इथे अमेरिकेत, अल्फारेटा गावापासून अर्ध्या तासावर त्यांचा कारखाना. म्हणजे एक पत्र्याची शेड आणि त्यात चार जुने प्रेस. साच्यातल्या करंजीच्या कडेला जादा पीठ राहतं ना, तसा ॲल्युमिनियमच्या भागांना कडेने पातळ पत्रा राहतो. प्रेस खाली येतो आणि त्याचा धारदार पंच तो कापून टाकतो. मी मुलीकडे राहते. जावयाची नोकरी गेली तेव्हा मी तिथे लागले. मला इंग्रजी येत नाही, मान वर करून बोलता येत नाही. प्रेसशी बोलावं लागत नाही, म्हणून बरं वाटलं.

प्रेसला दोन बटणं असतात. दोन्ही हातांनी एकदम दाबली तरच तो खाली येतो, म्हणजे हात आत राहूच शकत नाही. काकांना यात वेळ फुकट जातो असं वाटे. ते एका बटणावर चिकटपट्टी लावून ते कायमचं दाबून ठेवत. "देवाने दोन हात दिले ते काय बटणं दाबायला?" मी सकाळी गुपचूप पट्टी काढायची, दुपारी ते परत लावायचे. शेजारच्या प्रेसवरची मारिया, मेक्सिकोची, मला बघून स्वतःचीही पट्टी काढायची आणि तोंडावर हात ठेवून हसायची. काका मात्र प्रेसपासून चार हात लांब उभे राहून सूचना करत.

त्यांचा कान तिखट होता, हे कबूल करते. ऑफिसात बसून नुसत्या आवाजावरून पंचाची धार गेल्याचं ओळखत. माणूस दमलाय हे त्या कानाला कधी ऐकू आलं नाही.

दसऱ्याला त्यांनी प्रेसची पूजा मांडली. हळदकुंकू, झेंडूची माळ, सगळं मला करायला लावलं. भटजी नव्हते, कारण ते डॉलर घेतात. आरती झाल्यावर काकांनी फोनवर व्हिडिओ चालू केला आणि म्हटलं, "साठ टनांचा प्रेस असताना नारळ हाताने कोण फोडतं? मावशी, ठेवा मध्यभागी." तीर्थ सांडू नये म्हणून त्यांनीच खाली जाड पितळी ताम्हण सरकवलं.

मी हळूच म्हटलं, "काका, ताम्हण काढू का? पंचाला लागेल."

"अहो मावशी, तुम्ही चौथी पास. मला प्रेस शिकवता?"

काकांनी एका हातात फोन तसाच चालू धरला आणि दुसऱ्या हाताने बटण दाबलं. नारळ फुटला, ताम्हण चपटं झालं आणि पंचाची धार तीन ठिकाणी उडाली. काकांनी व्हिडिओ आधी मराठी मंडळाच्या ग्रुपवर टाकला आणि मग पंच पाहिला.

"नारळ तुम्ही वाकडा ठेवलात," ते मला म्हणाले. पंचाचा खर्च नऊशे डॉलर. माझ्या तीन पगारांतून तीनतीनशे कापले. "घरच्या माणसाने घरचं नुकसान भरायला नको का?" माझी थोरली बहीण कराडला अंथरुणाला खिळली होती. तिला भेटायला जायच्या तिकिटाचे ते पैसे होते.

मुलगी म्हणाली, "आई, सरळ लेबर ऑफिसला कंप्लेंट करू." मी नको म्हटलं. काकांसमोर उभं राहून मी बोलणार काय? मग तिने ग्रुपवरचा तो व्हिडिओ शोधून काढला. खाली लोकांनी "वा काका!" लिहिलं होतं. तिने आवाज मोठा केला. त्यात माझा आवाज होता, बारीक, पण स्वच्छ. मला जे बोलायचं होतं ते मी आधीच बोलले होते.

पुढच्या शुक्रवारी मी एप्रन घडी करून मारियाकडे दिला आणि ऑफिसात गेले. ज्या कंपनीला आमचा माल जायचा तिथला पुण्याचा इंजिनिअर समोर बसला होता. ऑर्डर का उशिरा झाली ते काका त्याला सांगत होते. "काय करणार यार, लेबर असं! केअरलेस." मी टेबलावर फोन ठेवला आणि व्हिडिओ लावला.

इंजिनिअरने तो दोनदा पाहिला. "काका, ताम्हण? आत ताम्हण ठेवलंत?" मग फोन डोळ्यांजवळ नेला. "आणि हे बटणावर काय चिकटवलंय?"

काका मोठ्याने हसले. तसं हसणं मी फक्त इन्स्पेक्टर यायचा तेव्हा ऐकलं होतं. "अहो मावशी, तुम्हाला गंमत कळत नाही! तुमचे पैसे मी ठेवून घेणार होतो का?" त्यांनी ड्रॉवर उघडला आणि नोटा मोजून माझ्या हातावर ठेवल्या. आठशे नव्वद झाल्यावर थांबले.

"दहा राहू देत. दसऱ्याचं सोनं समजा."

मी हात मागे घेतला नाही. वरही पाहिलं नाही. इंजिनिअर माझ्या हाताकडे बघत होता, काका इंजिनिअरकडे. मग त्यांनी स्वतःच्या पाकिटातून एक चुरगळलेली दहाची नोट काढली आणि वर ठेवली.

नऊशे पूर्ण झाले.