शेवंताकाकूंचा काष्टा

सदर इसम रोहिदास, राहणार पळसदरी, व्यवसाय टेंपोचालक. दर रविवारी शेवंताकाकू या नावाने, नऊवारी, खोपा व नथ या गणवेशात, विनोदी पॉडकास्ट चालवतो. जोडीला जाऊबाई म्हणून वरद, एरवी कर्जतला शाळामास्तर. साडी नेसल्याशिवाय दोघांनाही विनोद सुचत नाही, हे सात वर्षांत सिद्ध झाले आहे.

आज पाहुणी म्हणून रोहिदासची आई येणार होती. तिने त्याला साडीत कधीच पाहिले नव्हते, त्यामुळे शेवंताकाकू सारखा पदर सावरत होत्या.

आईने त्याला पायापासून खोप्यापर्यंत न्याहाळले.

"काष्टा कोनी घातला रं?"

"मीच."

"दिसतंय. ऊठ. मास्तर, तुमी पन उठा."

तिने दोन्ही जावांना नव्याने नेसवले. तोवर रेकॉर्डिंग तासभर खोळंबले आणि रोहिदास नथीआडून हसत राहिला.

हा पॉडकास्ट फक्त ऐकता येतो.