पिशवीत अडकलेले भावजी

एका मंगळवारी भावजी गेले. दुपारी मी शिकवतो त्या शाळेत बहिणीचा फोन आला आणि मी जव्हारहून गावी, साखरशेतला, वडिलांना सांगायला निघालो.

बंद दार दिसलं की भावजींइतका खूश होणारा माणूस जव्हार-मोखाड्यात दुसरा झाला नसेल. मुंबईच्या प्रयोगशाळेत त्यांचं कामच ते होतं: पेशीच्या आत प्रथिन पोचवायचं. प्रथिन थोराड, पेशी त्याला सहसा आत घेत नाही. म्हणून त्याला पेप्टाइड नावाचा छोटा तुकडा जोडायचा. तो तुकडा पेशीच्या पडद्याशी लगट करतो आणि मागोमाग प्रथिनालाही आत नेतो. नव्वदच्या दशकाच्या शेवटी हे सगळं नवं होतं आणि भावजी ते भेटेल त्याला सांगत. मोखाड्याच्या बाजारातून परतताना जीप खच्चून भरलेली असली, की ते सूर्यमाळच्या एखाद्या किरकोळ म्हातारीची डोईवरची पाटी धरत. म्हातारीसाठी लोक सरकत आणि पाटीमागून भावजींचा अवाढव्य देह आत शिरे. "ही पेप्टाइड, मी प्रथिन," ते मला सांगत. "पाटी सोड आता," म्हातारी ओरडे, "चिकटला तं सुटतच नाय!"

आमच्या घरात मात्र त्यांचं काही चालेना. बहिणीने मुंबईत परस्पर लग्न केलेलं. वडील वाईट वागत नसत. पण भावजींना घोंगडी ओटीवर, चहा ओटीवर, ताटही ओटीवरच. चुलीपाशी घरची माणसं बसत. हाक फक्त "पाव्हणं". बहीण दर खेपेला रडून म्हणे, "आता पुन्हा येणार नाही," आणि भावजी तिला पुन्हा घेऊन येत.

एका उन्हाळ्यात वडिलांनी विचारलं, "काय पाव्हणं, पोचलं का तुमचं आत?"

"पोचलं, मामा. पण पेशी त्याला पिशवीत कोंडते. आत असून बाहेरच. ही पिशवी हळूहळू आंबट होते. त्या आंबटपणानं ती फुटावी, अशी युक्ती शोधतोय."

वडिलांनी बराच विचार केला. "मंग चिंच टाका."

भावजी इतके हसले की ओटीवरून खाली घसरले. वडिलांनाही हसू आवरेना. डोळे पुसत ते म्हणाले, "ऊठ रं. भाकर निवते. आत चल."

चौकटीवर डोकं आपटून भावजी माझ्या कानात कुजबुजले, "फुटली, बरं का!"

प्रयोगशाळेतलं त्यांचं प्रथिन मात्र बहुतेक पिशवीतच राहिलं.

भावजी गेल्यावरही बहीण येते. चुलीपाशी भावजींचा पाट आहे. वडील त्यावर कुणाला बसू देत नाहीत.