किडे आवरून बसतात

प्राणिसंग्रहालयात त्यांना सगळे गिरणीवाले म्हणत. सरड्यांच्या खोलीतून बाहेर पडताना ते कोपरापर्यंत पांढरे असत ना, म्हणून. रातकिडे पिशवीत घ्यायचे, वर कॅल्शियमची पूड टाकायची, पिशवी अलगद हलवायची आणि पांढरेफटक झालेले किडे सरड्यांपुढे सोडायचे. नुसत्या किड्यांवर जगणाऱ्या जनावराला ही पूड मिळाली नाही, तर शरीर स्वतःचीच हाडं पोखरतं.

खोलीतली थोरली सरडी म्हणजे मावशी. मान तिरकी करून एका डोळ्यानं अशी बघायची, की आपलंच काहीतरी चुकलंय असं वाटावं.

गिरणीवाल्यांच्या बायकोनं अंथरूण धरलं आणि घरचं सगळं करून यायला त्यांना सकाळी उशीर होऊ लागला. म्हणून सकाळचं काम त्यांनी आदल्या संध्याकाळीच आवरायला सुरुवात केली. पूड लावायची, किडे सोडायचे आणि घर गाठायचं. मावशी तोवर झोपलेली असे. सकाळी दिवा लागला की खाईल, पूड कुठं पळून जाते?

मग एकदा मावशीच्या तोंडातून किडा निसटला. दुसराही निसटला. डॉक्टरीणबाईंनी तिचा जबडा बोटानं दाबला, तो रबरासारखा वाकला.

"गिरणीवाले, पूड लावता ना?"

"हे हात बघा की, बाई! बायको म्हणते, भाकरी तरी बडवून या."

"लावता कधी?"

"संध्याकाळी. जायच्या आधी."

बाई हसल्या नाहीत. त्यांनी काचेआड बोट दाखवलं. नुकताच सोडलेला एक किडा फांदीवर बसून पाय तोंडातून ओढत होता. एक झाला की दुसरा. मग मिशा.

"काय करतोय हो तो, बाई?"

"आवरतोय. अंगावरची पूड चाटून सकाळपर्यंत सगळे स्वच्छ होऊन बसतात. मावशीला कोरडेच किडे मिळत होते."

गिरणीवाल्यांनी हात पँटला पुसले. "आता भरेल ना हाड?"

"औषध देऊ. पण जबडा सरळ होईल असं नाही म्हणवत मला."

त्या दिवसापासून ते पुन्हा सकाळीच पूड लावू लागले, संध्याकाळी पातळ औषध थेंबाथेंबानं मावशीच्या ओठावर सोडू लागले. घरी परतायला उशीर होई.

"अहो, आज पण?" बायको पडल्या पडल्या विचारी.

"मावशी जेवत नाही गं."

"सख्ख्या मावशीची तरी इतकी काळजी केली होतीत का?" ती हसे आणि उशीखाली लपवलेली सकाळची कोरडी पोळी त्यांना दिसू नये म्हणून कूस बदले. त्यांना ती दिसे.

आज त्यांनी पांढराशुभ्र किडा चिमट्यात धरून मावशीच्या तोंडाशी नेला. तिनं मान तिरकी केली, पाहिलं, तोंड उघडलं. जबडा मिटलाच नाही. किडा खाली पडला.

"घे गं बाई," ते म्हणाले. "अजून पूड आहे त्याच्यावर."

मावशीनं डोळा मिटून घेतला. कोपऱ्यात जाऊन किडा एक पाय तोंडाशी नेत होता.