गिरणी बंद करून सांगितलं

"टीबी आहे," डॉक्टर म्हणाले आणि पुढच्या पेशंटचा कागद ओढून घेतला. इतक्या सहज, की मला वाटलं, हे दुसऱ्याच कुणाला सांगतायत. मी उठलेच नाही. तेव्हा त्यांनी मान वर केली. "घाबरू नका, बरा होतो. पण गोळी चुकवायची नाही. एकही नाही."

माझ्या शेजारी कमलताई बसल्या होत्या, आमच्या गावच्या अंगणवाडीच्या बाई. मला दवाखान्यापर्यंत त्यांनीच ओढत आणलं होतं.

पारगावच्या कारखान्याच्या आजूबाजूच्या उसात आमचं गाव. तिथं माझी पिठाची गिरणी. मला खोकला लागला तेव्हा सगळे म्हणाले, पीठ जातं नाकातोंडात, दुसरं काय. मीही तेच म्हणत होते, कारण ते सोयीचं होतं. कमलताई एकदा बाजरी दळायला आल्या आणि माझ्याकडे बघतच राहिल्या.

"शालन, सांजचा ताप येतो का गं?"

"येतो थोडा."

"पिठानं ताप येत न्हाई. उद्या माझ्यासंगं चल."

मी टाळलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बाई दारात हजर. मला घेतल्याशिवाय हलणार नाहीत हे दिसतच होतं, म्हणून गेले.

तुमच्यावर ही वेळ आली तर माहीत असावं म्हणून सांगते. आधी स्पुटम तपासतात. स्पुटम म्हणजे बेडका. सकाळी उठल्या उठल्या छातीतून खोकून डबीत द्यायचा. मी पहिल्यांदा नुसती थुंकी दिली, तर डबी परत! मग एक्स-रे. डॉक्टरांनी बोट ठेवून दाखवलं, तिथं मला पांढुरकं काहीतरी दिसलं. कळलं काही नाही.

औषधाच्या पद्धतीला डॉट्स म्हणत. म्हणजे गोळ्या घरी न्यायच्या नाहीत; एक दिवसाआड दुसऱ्या माणसासमोर गिळायच्या. माझा गोळ्यांचा खोका कमलताईंच्या अंगणवाडीत ठेवला. त्यातल्या एका औषधाचं नाव रिफाम्पिसिन. त्यानं लघवी लालभडक होते. डॉक्टरांनी आधी सांगितलं होतं, पण माझं लक्ष कुठं होतं? पहिल्या दिवशी मोरीतून ओरडतच बाहेर आले. तुम्ही ओरडू नका, तो औषधाचा रंग असतो.

खरी अडचण औषधाची नव्हतीच. कारखान्याचा सीझन संपला की आमच्या ह्यांच्या हाताला काम नसायचं. घर गिरणीवर चालायचं. गिरणीवालीला टीबी म्हटल्यावर पीठ कोण खाणार? टीबी पिठातून होत नाही, रोग्याच्या खोकल्यातून पसरतो, हे डॉक्टरांनी सांगितलं. पण गावाला कोण सांगणार?

"कावीळ झाली म्हणू," हे म्हणाले.

गावानं कावीळ फार मनावर घेतली. कुणी उसाचा रस पाठवला, कुणी मुळा, कुणी काविळीची माळ आणून गळ्यात घातली. ती माळ घालून मी टीबीच्या गोळ्या गिळत होते. कमलताई पाण्याचा तांब्या पुढे करायच्या आणि हसू दाबायच्या.

सुरुवातीचे दोन महिने मी गिरणीत पाऊल टाकलं नाही. कारखान्यातली पाळी संपवून हे दळायचे. मग पुन्हा बेडका तपासला. निगेटिव्ह आला, म्हणजे त्यात जंतू सापडले नाहीत. "आता तुमच्यापासून कुणाला धोका नाही," डॉक्टर म्हणाले. "पण गोळ्या पूर्ण करायच्या. आणि पिठात काम करताना तोंडाला फडकं बांधा." मी फडकं बांधून कामाला लागले आणि वाटलं, सुटले.

पण मी अंगणवाडीत का जाते, याचा हिशोब गावानं आपल्या परीनं लावला होता. अशक्तपणा गेला होता, गाल भरले होते. झालं! म्हणे, कमलताई अंगणवाडीतल्या पोरांच्या खाऊची सुकडी गिरणीवालीला चारतात आणि बदल्यात फुकट दळून घेतात. ही बातमी अंगणवाड्यांच्या घोडेगावच्या कार्यालयापर्यंत गेली. तिथून वरच्या बाई चौकशीला येणार, असा निरोप आला.

मी धावत अंगणवाडीत गेले. "ताई, सांगून टाका ना त्यांना."

"पेशंटचं नाव मी गावात फोडत नसते. तू गोळ्या घे."

"तुमची नोकरी जाईल."

"जाऊ दे, मग बघू. घे म्हटलं ना."

घरी येऊन ह्यांना म्हटलं, मी सगळ्यांसमोर सांगणार. हे कधी आवाज चढवत नाहीत, तेव्हा चढवला. "अगं, समदं बुडंल! नुकतंच कुठं सुरळीत झालंय." मलाही भीती वाटत होती, खोटं कशाला बोलू. पण त्या बाईनं मला मरणाच्या दारातून ओढलं आणि माझ्यापायी तिलाच चोर ठरवतात?

आमच्याकडे माणसांचे आभार मानायची रीतच नाही. दसऱ्याला गिरणीला झेंडूची माळ घालू, रोज सकाळी पट्ट्याला हात जोडू; पण माणसाला आभार म्हटलं की तो म्हणणार, परकं केलंस व्हय? म्हणून मनात ठेवायचं. मनातलं पुरतं, असं मलाही वाटायचं. यावेळी ते पुरणारं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी लाईट आली तशी गिरणीत बायकांची ही गर्दी झाली. घरघरीत कुणाला काही ऐकू जाईना. मी चालू दळण तसंच टाकून बटण बंद केलं.

"मला कावीळ नव्हती," मी म्हटलं. "टीबी होता. आता जंतू नाहीत, गोळ्या चालू आहेत. त्या गोळ्या कमलताई देतात. सुकडीचा कणसुद्धा मी खाल्लेला नाही. ती बाई नसती तर मी आज नसते. म्हणून सगळ्यांसमोर त्यांचे आभार मानते."

वरच्या आळीच्या मंदानं अर्धं दळलेलं दळण तसंच डब्यात भरलं आणि निघून गेली. तिच्यामागं आणखी दोघी. म्हाताऱ्या हौसाबाई मात्र म्हणाल्या, "मग आता बटन दाब की गं, माजं दळान ऱ्हायलंय." मला तिथंच रडू आलं.

चौकशीच्या दिवशी मी वरच्या बाईंसमोर जाऊन बसले आणि सगळं सांगितलं. प्रकरण तिथंच मिटलं. कमलताई माझ्यावरच चिडल्या. "आभार कसलं मानतीस? आन् तेबी गिरनीत?" पण बोलता बोलता पदरानं डोळे पुसत होत्या.

काही दिवस गिऱ्हाईक रोडावलं, मग हळूहळू परत आलं. मीही आता दळणाचा डबा हातात देताना, "आलीस, बरं वाटलं," असं तोंडानं म्हणते. सुरुवातीला बायका दचकायच्या. आता त्याच थांबून चार शब्द बोलतात.

गोळ्या संपल्या, शेवटची तपासणी चांगली आली. त्यानंतर एका दुपारी गिरणी रिकामी असताना मंदा आली. डबा नव्हता. दाराशी उभी राहिली.

"वैनी, मला लई दिसांचा खोकला हाय. घरात कुणाला ठावं न्हाई. त्या दिशी तुमी बोलला, आन् मी भ्याले. कुठं जायाचं असतंय?"

मी गिरणीला कुलूप लावलं. आम्ही दोघी एसटीच्या थांब्यावर जाऊन उभ्या राहिलो. तिला खोकला आला, तशी ती तोंड फिरवून माझ्यापासून लांब सरकली.

"पदर धर तोंडाला," मी म्हटलं, "पण लांब जाऊ नको. हितं माझ्यापाशी उभी ऱ्हा."