दोन दिवसांचे धपाटे

धपाट्यांचा खमंग वास आला की मला नळदुर्गचं आमचं स्वयंपाकघर आठवतं. मी दुबईला निघणार होतो, आई तव्यापुढं बसली होती आणि बाहेर हायवेवरून ट्रक धडधडत होते. ‘तिकडून यायला किती वेळ लागतो रं?’ तिनं विचारलं. हैदराबादपर्यंत विमानाला चार तास, पुढं गाडीनं सहा. पण दर सणाला ये म्हणून मागं लागेल, म्हणून मी सांगितलं, ‘दोन दिवस.’ ‘लई लांब हाय की,’ म्हणत तिनं दोन दिवस पुरतील एवढे धपाटे फडक्यात बांधून दिले. तीन वर्षांनी एका सकाळी धाकट्या भावाचा फोन आला. आई गेली होती. ‘दादा, माती दुपारीच करतो. त्याच्यासाठी थांबू नका, त्याला दोन दिवस लागतेत, असं आईच सांगून गेली.’ रात्रीपर्यंत थांब म्हणालो असतो तर माझं खोटं उघडं पडलं असतं. मी ‘बरं’ म्हणालो आणि दोन दिवसांनीच दारात उभा राहिलो. पाय धुवायला पाणी देत धाकटा म्हणाला, ‘लई लांबून आलास, दमला असशील.’ अजूनही तो पाहुण्यांना माझा प्रवास दोन दिवसांचाच सांगतो, आणि मी शेजारी बसून मान डोलावतो.