‘ते आलं’ या वाक्याचं व्याकरण

अकरावीच्या वर्गाला घाबरवायचं, हे माझ्या नोकरीतलं सगळ्यात अवघड काम. अभ्यासक्रमात एक जुनी भयकथा आहे आणि ती शिकवायची तर आधी पोरं घाबरायला हवीत. ज्याला भीतीच वाटली नाही, त्याला ती लेखकानं कशी निर्माण केली हे काय कपाळ सांगणार? आणि आमची पोरं कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतली. फुटबॉलच्या मैदानावर समोरच्या पेठेच्या पाठीराख्यांना न जुमानणारी ही जात कागदावरच्या भुताला भ्यायची नाही. एका वर्षी ऐन मोक्याच्या जागी मी आवाज खाली आणून थांबले. वर्ग चिडीचूप झाला. तेवढ्यात मागच्या बाकावरून कुणीतरी शांतपणे म्हणालं, "कोण पावणं हायती बघा, चहा टाका." तो तास तिथंच संपला.

कथा मूळची परदेशी. कुणीतरी फार पूर्वी ती मराठीत आणली आणि आणताना नदी, घाट, घर सगळं आपल्याकडचं करून टाकलं. नदीकाठी नावाड्याचं घर. नावाडी आदल्या पावसाळ्यात होडीसकट वाहून गेलेला. हे लेखक पहिल्याच परिच्छेदात अर्ध्या वाक्यात उरकतो आणि पुन्हा त्या माणसाचा विषय काढत नाही. घरात त्याची बायको एकटी. पलीकडच्या काठावर एक घंटा टांगलेली आहे. ज्याला नदी ओलांडायची असेल त्यानं ती वाजवायची, म्हणजे इकडून होडी जायची. आता होडीच नाही, त्यामुळे पलीकडे माणूस फिरकत नाही. तरी रोज दिवेलागणीला घंटा वाजते. बाई खिडकी लावून घेते, दाराला कडी घालते. मग एका संध्याकाळी घंटेपाठोपाठ वल्ह्याचा आवाज येतो. काहीतरी काठाला लागतं. ओले पाय घाटाच्या पायऱ्या चढू लागतात. बाई कडीवर हात ठेवून उभी आहे आणि शेवटचं वाक्य येतं, ‘ते आलं.’ बस, कथा संपली.

ही कथा शिकवायची माझी एक पद्धत होती. शेवटचं पान दुमडून ठेवायला लावायचं. मग फळ्यावर उभी रेघ मारून एका बाजूला ‘बाईला काय माहीत आहे’ आणि दुसऱ्या बाजूला ‘आपल्याला काय माहीत आहे’ असं लिहायचं. पोरं एकेक सांगत जातात आणि हळूहळू त्यांच्याच ध्यानात येतं की लेखकानं आपल्याला काहीच दाखवलेलं नाही, नुसतं ऐकवलंय. घंटा, वल्हं, पाय. जे दिसत नाही त्याची वाट बघायला लावलंय. उत्कंठा म्हणजे दुसरं काय, वाट बघायला लावणं, हे मी दरवर्षी सांगायची आणि खडू ठेवून हात झटकायची.

आणि मग शेवटचं वाक्य. त्यावर माझा विशेष जीव. ‘तो आला’ नाही, ‘ती आली’ नाही, ‘ते आलं’. नपुंसकलिंग. जाणत्या माणसाबद्दल बोलताना मराठीत हे लिंग आपण वापरत नाही. म्हणजे दाराबाहेर जे उभं आहे ते आता माणूस राहिलेलं नाही, हे लेखकानं एका क्रियापदात सांगितलं. पोरं हा मुद्दा उत्तरपत्रिकेत जसाच्या तसा उतरवायची आणि मी पैकीच्या पैकी गुण द्यायची. मी डोंबिवलीहून लग्न होऊन कोल्हापुरात आलेली. इथली बोली माझ्या कानाला सरावली, पण व्याकरणाच्या बाबतीत मी माहेरचा हट्ट सोडला नव्हता.

या हट्टावरून घरात चेष्टा चालायची. माझा नवरा बिद्रीच्या साखर कारखान्यात नोकरीला होता. संध्याकाळी मोटारसायकल गल्लीत वळली की सासूबाईंना माझ्याआधी कळायचं. त्यांना मी इथल्या रीतीप्रमाणे आत्या म्हणते. आत्या आतल्या खोलीतून हाक द्यायच्या, "अगं, मालक आलं बघ तुझं." मी म्हणायची, "आत्या, आलं नाही, आले. आलं चहात घालतात." त्या म्हणायच्या, "आमच्यात मालक आलं, पावणं आलं, सगळं मानाचं माणूस आलंच असतं. तू खुशाल अरे-तुरे कर." मी खरंच अरे-तुरे करायची. नवरा बूट काढता काढता दोघींचं ऐकायचा आणि म्हणायचा, या घरात मी कुठल्या लिंगात येतो ते एकदाचं ठरवा आणि मला जेवायला वाढा.

तो गेला त्याला आता काही वर्षं झाली. आजार लांबला नाही, एवढंच त्यातलं बरं म्हणायचं. मूलबाळ नाही, घरात आत्या आणि मी दोघीच. आम्ही एकमेकींशी चांगलं वागतो. दूध, भाजी, औषधं, शेजारच्या लग्नातला आहेर, सगळं बोलतो. त्याच्याबद्दल बोलत नाही. सुरुवातीला त्यांना त्रास नको म्हणून मी गप्प राहिले, मला त्रास नको म्हणून त्या गप्प राहिल्या आणि त्या गप्प राहण्याची आम्हाला सवय लागली. संध्याकाळी तो यायच्या वेळेला आत्या टीव्ही मोठ्यानं लावतात. गल्लीत मोटारसायकली काही थोड्या नाहीत. मला त्याच्याबद्दल बोलायचं होतं. ज्या एका माणसाला तो माझ्याइतका माहीत होता, त्याच्याशी बोलायचं होतं आणि ते माणूस माझ्यासमोर भाजी निवडत बसलेलं असायचं.

तो गेल्यावर ही कथा मी शिकवली नाही. सहकारी बाईंनी ते दोन तास आपणहून स्वतःकडे घेतले आणि कारण विचारलं नाही, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. यंदा त्या बाळंतपणाच्या रजेवर गेल्या आणि कथा पुन्हा माझ्याकडे आली. टाळता आली असती, पण प्राचार्यांना जाऊन काय सांगणार? एखादा परिच्छेद असता तर उडवला असता, ही तर आख्खी कथा.

तास ठीक चालला होता. रेघ मारून झाली, आवाज गोळा करून झाले. एका पोरानं अगदी नेमकं सांगितलं की घंटा वाजते याची भीती नाही, ती रोज वाजते याची आहे. मी खूश झाले. पान उलगडायची वेळ आली आणि शेवटचा परिच्छेद वाचायला मी पुस्तक वर घेतलं. वल्ह्यापर्यंत कशीबशी आले. पुढचं दिसत होतं, वाचवत नव्हतं. मी खोकल्याचं निमित्त केलं आणि पहिल्या बाकावरच्या मुलीला म्हटलं, तू वाच.

ही मुलगी चंदगडकडची. इथं पेठेत मावशीकडे राहून शिकते. वडील एसटीत कंडक्टर, गावात मुक्कामाला येणाऱ्या गाडीवर. वर्गात फारशी बोलत नाही, पण वाचते छान. तिनं ओल्या पायांचा आवाज वाचला, कडीवरचा हात वाचला आणि शेवटी वाचलं, "ते आलं."

वर्गात कुणी घाबरलं नाही. कारण तिनं ते वाक्य भीतीनं वाचलंच नव्हतं. ‘ते’ या शब्दावर थोडी थांबली होती आणि ‘आलं’ म्हणताना तिचा आवाज सैल झाला होता. दिवसभर ज्याची काळजी केली ते माणूस दिसल्यावर बायकांचा आवाज होतो, तसा. मी हा आवाज बरीच वर्षं रोज आतल्या खोलीतून ऐकलेला होता. फक्त वर्गात कधी ऐकला नव्हता, कारण वर्गात ते वाक्य दरवर्षी मी वाचत होते.

"असं का वाचलंस?" मी विचारलं.

ती गोंधळली. काही चुकलं असं तिला वाटलं. "कसं मॅडम?"

"शेवटचं वाक्य. ते म्हणजे कोण?"

"तिचं मालक की," ती म्हणाली. "होडी घेऊन गेलतं, ते आलं. आमची आई असंच म्हणत्या. पावसात घाटात झाड पडतं, गाडी लवकर येत न्हाय. मग हॉर्न वाजला की म्हणत्या, ते आलं."

मी वर्गाकडे पाहिलं. सगळे माना डोलवत होते. हे विचारण्यासारखं काय आहे, असा त्यांचा चेहरा. मागच्या बाकावरचा एक जण म्हणाला, "दुसरं कोण येणार मॅडम तिच्याकडं?"

"मग ती कडी का घालते?" मी विचारलं. मला वाद घालायचा होता. इतकी वर्षं शिकवलेलं असं सहज सोडवत नाही. "नवराच आहे तर घाबरते कशाला?"

मग तीच मुलगी हळूच म्हणाली, "रोज घंटा वाजत्या आणि रोज कोण येत न्हाय. ती भुताला भीत नसंल मॅडम. आजपण कोण आलं नसलं तर, त्याला भीत असंल."

मी खडू खाली ठेवला. नपुंसकलिंगाचा मुद्दा सांगायचा राहिला आहे, परीक्षेला तो येतो, हे सगळं मला माहीत होतं. मी तो सांगितला, पण नंतर, दुसऱ्या दिवशी. म्हटलं, हा एक अर्थ आणि तुमचा दुसरा, दोन्ही लिहा. त्या दिवशी मात्र मी घंटा व्हायच्या आधीच वर्ग सोडला आणि शिक्षकखोलीत जाऊन पाणी प्यायले. नवऱ्याची आठवण मला रोज येते, पण ती गप्प बसलेली असते. त्या दिवशी ती बोलायला लागली होती आणि मला तो हवा होता. समजुतीच्या गोष्टी नकोत, फोटो नको, तो गल्लीत वळलेला हवा होता.

घरी आले तेव्हा आत्या टीव्हीसमोर मेथी निवडत होत्या. मी पिशवी ठेवून तशीच बसले.

"आज गप का?" त्या म्हणाल्या.

"काही नाही. वर्गात एक गोष्ट वाचली."

"कसली?"

"भुताची."

"सांग की मग."

मी म्हटलं, सांगते. त्यांनी टीव्ही बंद केला. मी पुस्तक काढलं आणि पहिल्या ओळीपासून वाचू लागले. आत्या ऐकणाऱ्यातल्या नाहीत, मध्ये मध्ये बोलणाऱ्यातल्या आहेत. पण नावाडी वाहून गेला म्हटल्यावर त्यांचा हात थांबला आणि पुढं त्या एक शब्द बोलल्या नाहीत. बाहेरून गल्लीतल्या गाड्यांचे आवाज येत होते. ही कुठली वेळ होती ते आम्हा दोघींना ठाऊक होतं. मी वाचत राहिले. शेवटच्या वाक्यापाशी आले तेव्हा मुद्दाम काही केलं नाही, पण ते माझ्या तोंडून कोल्हापुरीच निघालं. लग्नानंतर पहिल्यांदाच.

"ते आलं," मी वाचलं आणि पुस्तक मिटलं.

"पुढं?"

"पुढं नाही. एवढीच आहे."

आत्या मेथीच्या काड्या एका बाजूला सारत राहिल्या. मला वाटलं, आता उठून आत जातील. मग खाली बघतच त्यांनी विचारलं, "जेवाण होतं का तिच्याकडं काय शिल्लक? एवढ्या पाण्यातनं आल्यालं माणूस. भूक लागली असंल."

कथेत जेवणाचा उल्लेख कुठंही नाही.

"होतं," मी म्हटलं. "भाकरी होती. आमटी होती, गरम करायची फक्त."

"आणि कोरडी कापडं?"

त्याचे कपडे मी कुणाला दिलेले नाहीत. कपाटाच्या खालच्या खणात आहेत. आत्यांना ते माहीत आहे आणि त्यांना माहीत आहे हे मला माहीत आहे. मला रडू आवरेना आणि मी ते आवरलंही नाही.

"तीही आहेत," मी म्हटलं. "धुऊन ठेवलीत."

आत्यांनी पदरानं डोळे पुसले.

"मग उघड म्हणावं दार," त्या म्हणाल्या.