शेंदरी दगडफूल आणि आमचे सर

मैंदर्गीच्या पुढं माळावर काळ्या दगडाचा एक उघडा पट्टा आहे. तिथं सावलीच्या अंगाला मला ते शेंदरी दगडफूल पहिल्यांदा दिसलं. आपण मसाल्यात घालतो त्याच्याच भावकीतलं, पण हे उचकटून निघत नाही. खपलीसारखं दगडाला धरून बसतं. त्याची खूण म्हणजे, वर पोटॅशचा थेंब टाकला की लगेच जांभळं पडतं. मी तेव्हा सोलापुरात पीएच.डी. करत होते. धावतच माझ्या मार्गदर्शक सरांकडे गेले. पुढं तो शोध छापून आला, त्यावर एकट्या सरांचं नाव होतं.

"तू अजून लहान आहेस, तुला पुढं खूप मिळेल," सर म्हणाले.

मी मान डोलावली. घरी येऊन उशीत तोंड खुपसून रडले आणि ठरवलं, या माणसाला सोडायचं नाही.

पुढं अकलूजला कॉलेजात शिकवायला लागले. दर दिवाळीच्या सुट्टीत स्कूटर काढायची आणि जिल्ह्यातला एकेक खडकाळ माळ धुंडाळायचा. ते दगडफूल त्या एका पट्ट्याखेरीज मला कुठंही सापडलं नाही. सर मात्र त्यानंतर एकदाही माळावर गेले नव्हते, हे मला ठाऊक होतं.

मग त्या पट्ट्यावर खडी क्रशर येणार असं कळलं. क्रशरच्या मालकानं परवानगीच्या अर्जाला सरांचंच मत जोडलं होतं: हे दगडफूल जिल्ह्यात सगळीकडे आहे, मोडनिंबच्या टेकडीवरही मुबलक आहे, त्याला कसलाही धोका नाही. वाचून मला राग आला नाही. खरं सांगते, आनंद झाला. सर आपल्या पायांनी चालत माझ्या तावडीत आले होते.

जनसुनावणीत मी उभी राहिले. "सर, मोडनिंबला नेमकं कुठं?"

"टेकडीवर. दाखवतो की."

"मग दाखवाच," अधिकारी म्हणाले.

पुढच्या आठवड्यात आम्ही सगळे टेकडीवर. सर उन्हात घामाघूम होऊन दगड हुडकत फिरत होते. मी गप्प मागून चालत होते, मुद्दाम. शेवटी त्यांनी एका दगडावरच्या शेंदरी डागाकडे बोट केलं. "हे बघा!"

मी पोटॅशचा थेंब टाकला. रंग बदलला नाही. बोट घासलं, बोटच शेंदरी झालं.

"सर, हा शेंदूर आहे."

शेळ्या घेऊन उभी असलेली बाई हसली. "व्हय, म्हसोबा हाय की त्यो!"

सर माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "बाळ, आता जाऊ दे."

मी जाऊ दिलं नाही. ते दगडफूल मुळात कुणाला सापडलं होतं, तेही अधिकाऱ्यांसमोर, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. सरांचं तोंड उतरत गेलं आणि मी ते डोळे भरून पाहिलं.

पट्टा वाचला. क्रशर माळाच्या पलीकडच्या अंगाला सुरू झाला. वारा फिरला की धूळ इकडे येते. दगडफुलाचे काही ठिपके त्या धुळीनं करपलेत. ते दगडफूल किती टिकेल, मला सांगता येत नाही.

परवा एका लग्नात सर समोरच्या पंगतीत दिसले. शेजारची मैत्रीण म्हणाली, "वय झालं गं त्यांचं. आता तरी माफ कर."

तेवढ्यात सरांनी मला पाहिलं आणि ताट अर्धं टाकून उठले. मी वाढप्याला हाक मारली आणि आणखी एक शेंगापोळी घेतली.